जंतूंपासून जीवदान

प्रवरा नदीच्या काठी, नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोल्हार नावाचे गाव आहे. भगवतीदेवीच्या देवस्थानामुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. ह्या गावातील कोणत्याही घरी रात्रीच्या वेळी पाहिले, तर एक नित्याची गोष्ट दृष्टीस पडते. तापवलेले दूध कोमट झाले, की गृहिणी त्यात चमचाभर विरजण घालते आणि भांडे झाकून उबदार जागी ठेवून देते. सकाळी झाकण काढावे, तो पातळ दुधाचे घट्ट दही झालेले असते. रात्रभर घरातील सारी माणसे झोपलेली होती. मग हे काम केले कोणी? हे काम केले डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म जंतूंनी. चमचाभर विरजणात ते कोट्यवधींच्या संख्येने होते आणि रात्रीतून त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली.

घराबाहेर शिवारात गेले, तरी हे अदृश्य कामकरी भेटतातच. हरभऱ्याचे रोप हलक्या हाताने उपटून पाहिले, तर त्याच्या मुळांवर लहान लहान गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र धरून ठेवतात व पिकाला पुरवतात. गावाबाहेरच्या उकिरड्याचे खत करतात तेही जंतूच. कोल्हारपासून जवळच, लोणी येथे, सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५० साली सुरू झाले. साखर काढून घेतल्यावर जी काळी मळी उरते, तिच्यापासून मद्यार्क बनवण्याचे काम किण्व नावाचे सूक्ष्म जीवच करतात. जंतूंचा हा उद्योग क्षणभर जरी थांबला नाही, तरी त्याची कोणी फारशी आठवणही ठेवत नाही.

परंतु ह्याच अदृश्य सृष्टीत मनुष्याचे वैरीही आहेत. दूषित पाण्यातून पटकीचे जंतू येतात, मातीने मळलेल्या जखमेतून धनुर्वाताचे जंतू शिरतात. आणि ह्या सर्वांहून ज्याच्या नावाने महाराष्ट्र एके काळी थरथर कापत असे, तो रोग म्हणजे प्लेग. घरात उंदीर मरून पडला, की लोकांच्या तोंडचे पाणी पळे. चुली विझत, दारांना कुलपे लागत, आणि गावेच्या गावे रानात झोपड्या बांधून राहत. काखेत किंवा जांघेत गाठ उठली, की तीन-चार दिवसांत धडधाकट मनुष्य नाहीसा होई. अशा वेळी ज्या जंतूने हा संहार मांडला होता, त्याच जंतूला मनुष्याच्या रक्षणासाठी राबवण्याची युक्ती एका परदेशी शास्त्रज्ञाने मुंबईत शोधून काढली. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईतील परळ येथील प्रसिद्ध संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी हे शहर रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. घरची परिस्थिती बेताचीच होती. शालेय शिक्षण पुरे करून ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह ह्यांच्यासारखे थोर गुरू लाभले. शरीरात शिरलेल्या जंतूंना आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी कशा गिळून टाकतात, हे पुढे जगाला दाखवून देणारे ते हेच मेचनिकॉव्ह. त्यांच्या हाताखाली तरुण हाफकिन प्राणिशास्त्रात रमून गेले. थेंबभर पाण्यात वावरणारे जीव सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तासन् तास न्याहाळण्याची त्यांना गोडी लागली.

तो काळ मात्र शांतपणे अभ्यास करण्याचा नव्हता. १८८१ साली ओडेसात ज्यू वस्त्यांवर जमावांनी हल्ले केले. त्या वेळी आपल्या बांधवांच्या घरांचे रक्षण करण्यासाठी जे तरुण पुढे सरसावले, त्यांत हाफकिन होते. ह्या झटापटीत ते जखमी झाले आणि वर पोलिसांनी त्यांनाच अटक केली. मेचनिकॉव्ह ह्यांनी खटपट केली, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली. पुढे त्यांनी विद्यापीठाची पदवी मिळवली. त्यांची योग्यता सर्वांना मान्य होती. तथापि ज्यू मनुष्यास प्राध्यापकपद मिळण्याचा मार्ग खुला नव्हता. धर्मांतर केल्यास तो खुला होईल, असे त्यांना सुचवण्यात आले. हाफकिन ह्यांनी ती गोष्ट नाकारली. पदासाठी स्वतःचा धर्म सोडणे त्यांच्या मानी स्वभावास मानवणारे नव्हते. १८८८ साली त्यांनी मातृभूमी सोडली. जिनिव्हा येथे काही काळ अध्यापन करून १८८९ मध्ये ते पॅरिसला आले.

पॅरिसमध्ये त्या वेळी लुई पाश्चर ह्यांची संस्था नुकतीच उभी राहिली होती. मेचनिकॉव्ह तेथे आधीच जाऊन पोहोचले होते. परंतु संस्थेत शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. हाफकिन ह्यांनी ती कमीपणा न मानता स्वीकारली. पुस्तके सांभाळण्याचे काम करावे आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जाऊन संशोधन करावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

पाश्चर ह्यांचे सारे आयुष्य जंतूंच्या दोन्ही रूपांचा शोध घेण्यात गेले होते. द्राक्षाच्या रसाचे मद्य किण्वामुळे बनते आणि तेच मद्य दुसऱ्या जातीच्या जंतूंमुळे आंबट होऊन वाया जाते, हे त्यांनी सिद्ध केले होते. ठरावीक उष्णता दिली, तर नको असलेले जंतू मरतात, हेही त्यांनीच दाखवले. ह्याहून मोठा शोध असा, की रोगजंतू दुर्बळ करून शरीरात घातले, तर ते रोग उत्पन्न करीत नाहीत; उलट त्यांची ओळख पटून शरीर प्रतिकारास सिद्ध होते. पुढे तोच जंतू पूर्ण बळाने चालून आला, तरी त्याचे काही चालत नाही. तालमीतील वस्ताद हलक्या हाताने डाव टाकून शिष्याला तयार करतो, तसाच हा प्रकार होय. लस टोचण्याचे सारे शास्त्र ह्या तत्त्वावर उभे आहे.

हे तत्त्व पटकीला लावून पाहावे, असे हाफकिन ह्यांनी ठरवले. पटकीचे जंतू रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ओळखून काढले होते. १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यांतील पाण्यातही ते त्याला सापडले होते. पण त्यांवर लस नव्हती. हाफकिन ह्यांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांवर प्रयोग करून पटकीच्या जंतूंची एक दुर्बळ व एक प्रबळ अशा दोन लसी तयार केल्या. पहिली दुर्बळ लस टोचल्यावर शरीर इतके सावध होई, की काही दिवसांनी दिलेली प्रबळ लसही त्यास सोसवे. प्राण्यांना गुण आला; परंतु मनुष्याचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणाच्या जिवावर मिळवणे हाफकिन ह्यांना रुचेना. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी वेदना झाल्या. पण लवकरच ते पूर्ववत झाले. लस मनुष्यास घातक नाही, एवढे तरी नक्की ठरले.

लसीची खरी कसोटी मात्र जेथे पटकीचे थैमान चालू होते, तेथेच होणार होती. १८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यास येऊन पोहोचले. देश परका, भाषा अनोळखी आणि सुईने अंगात काहीतरी घालणारा हा गोरा मनुष्य कोण, अशी लोकांच्या मनात शंका. काही ठिकाणी त्यांना कडवा विरोध झाला. तथापि त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. भारतीय डॉक्टरांचे साह्य घेऊन ते वस्त्यावस्त्यांतून हिंडले. आधी लोकांसमक्ष स्वतः टोचून घ्यावे आणि मग जे आपखुशीने पुढे येतील त्यांना टोचावे, अशी त्यांची रीत होती. एकाच वस्तीतील, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या लोकांपैकी काहींनी लस घेतली व काहींनी घेतली नाही. काही काळाने तेथे पटकी आली, तेव्हा आजार लस न घेतलेल्यांच्या वाट्याला येतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. शंकेची जागा विश्वासाने घेतली. आसामच्या चहामळ्यांपासून उत्तर हिंदुस्थानातील गावांपर्यंत प्रवास करीत हाफकिन ह्यांनी अडीच वर्षांच्या आत चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. ह्या दगदगीत त्यांना हिवतापाने गाठले आणि विश्रांतीसाठी युरोपात जावे लागले. प्रकृती सुधारताच ते पुन्हा भारतात परतले.

इतक्यात मुंबईवर वेगळेच संकट कोसळले. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. बंदराजवळच्या त्या भागात धान्याची कोठारे होती, आणि जेथे धान्य तेथे उंदीर. डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनी हा रोग ओळखून शहरास सावध केले. बघता बघता रोग पसरला. स्मशाने अपुरी पडू लागली. लक्षावधी लोकांनी मुंबई सोडून गावाचा रस्ता धरला आणि त्यांच्याबरोबर रोगही दूरदूरच्या गावांस गेला. सरकारने घरांच्या झडत्या घेणे, रोग्यास सक्तीने हलवणे, सामान जाळणे असे कडक उपाय योजले. त्यांमुळे लोकांत भयाबरोबर संतापही माजला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले ह्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. एवढे होऊनही ह्या रोगावर खात्रीचा असा एकही उपाय कोणाच्या हाती नव्हता.

सरकारने हाफकिन ह्यांना मुंबईस बोलावले. १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात ते आले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना काम करण्यासाठी एक खोली व तिच्या लगतचा व्हरांडा मिळाला. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई होते. जगातील एका अत्यंत भयंकर रोगाशी झुंज द्यायची, ती एवढ्या सामग्रीनिशी!

प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येरसँ ह्यांनी शोधून काढला होता. तो मुबलक प्रमाणात वाढवणे ही पहिली अडचण होती. जंतूंना अन्न हवे. त्यासाठी मांसाचा रस्सा लागतो. परंतु गाईचे मांस वापरले तर हिंदूंचे मन दुखावेल आणि डुकराचे वापरले तर मुसलमानांचे. म्हणून हाफकिन ह्यांनी बोकडाचे मांस वापरले. ज्यांचे प्राण वाचवायचे, त्यांच्या भावनाही जपल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. दुसरी युक्ती त्यांना सुचली ती तर स्वयंपाकघरातीलच. रस्सा भरलेल्या काचेच्या चंबूत त्यांनी तुपाचे काही थेंब सोडले. तूप वर तरंगे, आणि प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली वाढू लागत. घराच्या वळचणीला लोंबणाऱ्या जळमटांसारखे त्यांचे बारीक धागे चंबूत लोंबकळताना दिसत. चंबू हलवला, की धागे तळाशी जात आणि नवे धागे वाढू लागत. अशा प्रकारे कित्येक आठवडे वाढवून जंतूंचे दाट पीक तयार होई. मग चंबूतील द्रव ठरावीक मानाने तापवून त्यातील जंतू मारले जात, आणि दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घातले जाई. मेलेल्या जंतूंत रोग देण्याची शक्ती उरत नाही. परंतु शरीरास सावध करण्याची शक्ती उरते. हीच प्लेगची लस होय.

हे काम करताना हाफकिन ह्यांना दिवस आणि रात्र सारखीच होती. साहाय्यकांपैकी काहींनी भीतीने व श्रमाने काम सोडले, पण हाफकिन मागे हटले नाहीत. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपल्या नित्याच्या रीतीप्रमाणे पहिली सुई स्वतःस टोचून घेतली. तीही साधी नव्हे. पुढे लोकांना जेवढी मात्रा दिली जाई, तिच्या कित्येक पट मोठी मात्रा त्यांनी स्वतः घेतली. त्यांना सडकून ताप भरला, टोचलेली जागा ठणकू लागली. परंतु थोड्याच दिवसांत ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंगातील जे कैदी राजी झाले, त्यांना लस टोचण्यात आली. सर्वांचे अन्न एक, पाणी एक, छप्पर एक. भेद एवढाच, की काहींना लस टोचली होती आणि काहींना नव्हती. पुढील काही दिवसांत लस न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ जण दगावले. लस टोचलेल्यांपैकी दोघांनाच रोग झाला, आणि त्यांपैकी कोणीही मरण पावला नाही. लसीने रोग सर्वस्वी टळतो असे नाही. परंतु रोगाचे व मरणाचे प्रमाण पुष्कळ घटते, हे ह्यावरून उघड झाले. लवकरच आगाखान ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली व हाफकिन ह्यांच्या कार्यास साह्य केले. लोकांची रीघ लागली. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १८९९ साली परळ येथील जुन्या राजभवनाची भव्य इमारत ह्या प्रयोगशाळेस मिळाली. एका खोलीत सुरू झालेले काम राजवाड्यात गेले. तेथून लसीच्या कुप्या देशभर आणि देशाबाहेरही जाऊ लागल्या. हाफकिन त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि त्यांची कीर्ती दिगंतात पसरली होती.

परंतु कीर्तीच्या शिखरावरच त्यांच्यावर वज्राघात झाला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल नावाच्या लहानशा गावात लस टोचण्याचे काम झाले. त्या दिवशी १०७ जणांनी लस घेतली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांचे जबडे आवळले, शरीरे धनुष्यासारखी वाकली आणि थोड्याच दिवसांत ते एकोणीसही जण मरण पावले. तो प्लेग नव्हता; तो धनुर्वात होता. ज्यांनी मरणापासून वाचण्यासाठी विश्वासाने हात पुढे केला, त्यांनाच मरण आले. ह्या एकोणीस जणांना एकाच कुपीतील लस टोचली होती. इतर कुप्यांतील लस घेतलेले सारे लोक सुखरूप होते.

धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात. त्यांची बीजरूपे फार चिवट असून साध्या उष्णतेस दाद देत नाहीत. तो जंतू त्या एका कुपीत शिरला कोठे? परळच्या प्रयोगशाळेत, की मलकोवालच्या धुळीत? चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेकडे दिला. हाफकिन ह्यांनी लस बनवण्याच्या रीतीत काही बदल केला होता. कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर त्यांनी भिस्त ठेवली होती. हा बदल लस अधिक वेगाने व अधिक प्रमाणात तयार व्हावी म्हणून केलेला असून पॅरिसच्या संस्थेतही ती रीत चालत असे. परंतु आता तोच बदल त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्या प्रयोगशाळेचा दगड न् दगड त्यांनी रचला होता, तिची दारे त्यांना बंद झाली.

हाफकिन ह्यांनी युरोपात राहून आपल्यावरील कलंक धुऊन काढण्यासाठी झुंज दिली. हा प्रश्न एकट्या त्यांच्या मानाचा नव्हता. लसीवरील विश्वास एकदा उडाला, तर लोक ती घेणार नाहीत आणि सहस्रावधी माणसे व्यर्थ मरतील, ही चिंता त्यांना होती. सत्य हळूहळू उजेडात येत गेले. मलकोवाल येथे कुपी उघडण्याच्या वेळी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू बंद कुपीत कित्येक दिवस वाढत राहिले असते, तर कुपी उघडताच लसीस दुर्गंधी आली असती. तशी ती आलेली नव्हती. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस ह्यांनी हाफकिन ह्यांची बाजू हिरिरीने मांडली. १९०७ साली दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात आपल्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध करून त्यांना निर्दोष म्हटले. अखेर त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा कामावर बोलावले.

धुळीत पडलेल्या एका चिमट्याने पाच वर्षे हिरावून घेतली. एकोणीस जीव गेले, ते तर कायमचेच गेले. सूक्ष्म जंतूंच्या जगात लहान चूक म्हणून काही नसते, हा धडा मलकोवालने वैद्यकशास्त्रास शिकवला. सुई, चिमटा, हात व कुपीचे तोंड निर्जंतुक राखण्याची जी शिस्त आज दवाखान्यांतून पाळली जाते, तिच्यामागे अशा दुःखद अनुभवांची शिकवण आहे.

हाफकिन भारतात परतले, परंतु मुंबईच्या आपल्या प्रयोगशाळेत त्यांना जाता आले नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. तेथे नव्या लसींचे मोठे प्रयोग करण्याची त्यांची इच्छा पुरी झाली नाही. वयाची पंचावन्न वर्षे होताच ते निवृत्त झाले व युरोपात गेले. त्यांनी विवाह केला नव्हता. धर्मचिंतन व आपल्या समाजातील शिक्षण ह्यांत त्यांनी उरलेले आयुष्य वेचले, आणि आपली संपत्तीही त्याच कार्यास दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी त्यांचा शांतपणे अंत झाला.

त्याआधी एक समाधान मात्र त्यांना लाभले होते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन ह्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या दोन कोटी साठ लक्ष मात्रा बाहेर गेल्या होत्या. ही वार्ता कळताच दूर असलेले हाफकिन सद्गदित झाले. आयुष्यातील उत्तम वर्षे आपण मुंबईच्या त्या कामास वाहिली, अशी भावना त्यांनी कळवली. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्याच वर्षी त्यांचे एक चरित्रही प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे सेलमन वाक्समन हे स्वतः युक्रेनमध्ये जन्मलेले मोठे जंतुशास्त्रज्ञ होते. वाक्समन ह्यांनी आपले आयुष्य मातीतील जंतूंच्या अभ्यासात घालवले. १९४३ साली त्यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ ह्यांनी मातीतील एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळवले. क्षयावर ते गुणकारी ठरलेच, पण प्लेगवरही ठरले. प्लेगच्या लसीची गरज त्यानंतर पुष्कळ कमी झाली. वेळेवर निदान झाले, तर आज औषधांनी प्लेगचा रोगी बरा होतो. ज्या मातीतल्या एका जंतूने मलकोवाल येथे एकोणीस जीव घेतले आणि हाफकिन ह्यांच्या आयुष्यात विष कालवले, त्याच मातीतल्या दुसऱ्या जंतूने प्लेगचे औषध दिले!

जंतू हे मनुष्याचे मित्रही नव्हेत आणि शत्रूही नव्हेत. ते आपल्या स्वभावधर्माप्रमाणे जगतात व वाढतात. विरजणाच्या वाटीत ते दही लावतात, हरभऱ्याच्या मुळाशी ते पिकास पोसतात. उघड्या जखमेत व गढूळ पाण्यात तेच काळ होऊन येतात. त्यांच्यापासून हित घडेल की अहित, हे पुष्कळ अंशी मनुष्याचे ज्ञान, त्याची दक्षता आणि त्याची स्वच्छता ह्यांवर अवलंबून असते. कोल्हारची गृहिणी विरजणाचे भांडे घासूनपुसून लख्ख करते, दूध आधी तापवून घेते आणि मगच त्यात विरजण घालते. नको ते जंतू दूर ठेवून हवे तेच वाढवण्याची ही दक्षता होय. तुपाचे थेंब सोडलेल्या चंबूशी रात्रंदिवस जागणाऱ्या हाफकिन ह्यांनी तीच दक्षता रोगजंतूंच्या बाबतीत बाळगली आणि लक्षावधी घरांतील दिवे विझता विझता वाचवले.